पश्चिम आफ्रिकेतला भाजीपाला आणि तरुणांचं शेती-उद्योग प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी पदवीची मुलं, शेतकरी उत्पादक कंपन्या चालवणारे मित्र, स्वयंसेवी संस्थांतली मंडळी घाना, बेनिन, नायजेरियाबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मी काही हंगाम त्या भागात भाजीपाला प्रशिक्षणाचं काम केलं. त्यातून माझं एक ठाम मत झालं आणि ते खालच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल. पोराला टोमॅटो पिकवायला शिकवणं फारसं अवघड नाही. तो कुणाला, कधी आणि कशात भरून विकायचा हे शिकवलं नाही, तर बाकीचं सगळं शिक्षण पहिल्याच तोड्याला वाया जातं.

पश्चिम आफ्रिकेत भाजी नेमकी कुठे पिकते?

सेनेगलपासून नायजेरियापर्यंतचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला समुद्राच्या कडेने पाऊस भरपूर, उत्तरेला जाल तसं रान कोरडं होत होत सहाराला टेकतं. कोकणातून घाट चढून दुष्काळी पट्ट्यात उतरल्यासारखं, फक्त अंतरं कितीतरी मोठी.

भाजीचा खरा हंगाम कोरडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमॅटन नावाचा धुळीचा वारा सुटतो, रात्री गार पडतात. तेव्हा नायजेरियात कानोजवळ कडावाच्या कालव्यांवर आणि उत्तर घानात टोनो, व्हेआ या धरणांखाली टोमॅटो-कांदा जोरात असतो. सेनेगलमध्ये डाकारपासून सेंट-लुईपर्यंत किनाऱ्याला धरून निआय नावाचा वाळूचा पट्टा आहे. थोडं खणलं की पाणी लागतं, आणि देशाचा निम्म्याहून जास्त भाजीपाला तिथून येतो. घानात केटाच्या खाजणाकाठी, अनलोगा भागात, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाजण, मधल्या चिंचोळ्या वाळूत वाफे पाडून गुच्छाने येणारे छोटे कांदे घेतात. तो भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा या वाळूत काही उगवतं यावर विश्वासच बसला नव्हता.

शहरंही सोडलेली नाहीत. आक्रा, कुमासी, कोटोनू या शहरांत मोकळ्या जागांवर, नाल्यांच्या काठी भाजीचे मळे आहेत. माणूस दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन विहिरीपासून वाफ्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ खेपा घालतो. भरलेली एक झारी साधारण पंधरा लिटरची. दिवसाच्या खेपा मोजा, म्हणजे तिथल्या पोरांना शेती का नकोशी होते ते कळेल.

तिथले लोक कोणत्या भाज्या खातात? आपल्यासारख्याच की वेगळ्या?

बऱ्याच ओळखीच्या. भेंडी, वांगी, मिरची, माठ सगळीकडे आहेत. आपली अंबाडी तिथे घरोघरी: सेनेगलमध्ये तिच्या लाल बोंडांपासून बिसाप नावाचं सरबत करतात. आपला शेवगा नायजर देशात शेंगांपेक्षा पाल्यासाठी लावतात. पाला उकडून, पिळून, शेंगदाण्याच्या पेंडीत कालवून खातात. योरुबा लोकांचं एवेडू म्हणजे तागाच्या जातीतल्या झाडाचा पाला, शिजला की भेंडीसारखा बुळबुळीत होतो. बेनिन-टोगोकडची ग्बोमा ही वांग्याच्या कुळातली, पण खायची पानं.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या पालेभाज्या फार महत्त्वाच्या. माठ तीन-चार आठवड्यांत काढणीला येतो. नवशिक्या मुलाच्या हातात महिनाभरात चार पैसे पडतात आणि त्याचा जीव शेतीत टिकतो. ढोबळी मिरचीपासून सुरुवात केलेली मुलं पैसे दिसायच्या आधीच कंटाळून निघून गेलेली मी पाहिली आहेत.

तरुणांना शेतीकडे वळवायची एवढी निकड का?

कारण लोकसंख्या विलक्षण तरुण आहे. नायजर देशात निम्मी माणसं साधारण पंधरा वर्षांच्या आतली. एवढ्या हातांना शहरांत नोकऱ्या नाहीत.

सेनेगलचं उदाहरण मनाला लागतं. २००६ साली हजारो तरुण मासेमारीच्या लाकडी होड्यांतून अटलांटिक ओलांडून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघाले. कित्येक बुडाले. त्याच वर्षी सरकारने ‘रेवा’ म्हणजे शेतीकडे परत नेणारी योजना आणली. पुढे ठिबक आणि विंधन विहिरी असलेली सामूहिक शेतं उभी करण्याचं काम स्वतंत्र सरकारी संस्थेकडे गेलं. या शेतांना वोलोफ भाषेत ‘नातांगे’ म्हणतात, अर्थ बरकत. आणि जे तरून स्पेनला पोचले, त्यांतले पुष्कळ जण अल्मेरियाच्या प्लॅस्टिकच्या हरितगृहांत टोमॅटो तोडायला लागले. गावात जे काम कमीपणाचं वाटत होतं तेच काम. गावात त्या कामाचे पैसे होत नव्हते, एवढाच फरक होता.

सोंघाई केंद्राचं नाव सारखं ऐकू येतं. ते काय आहे?

बेनिनच्या पोर्तो-नोव्हो शहरातलं सोंघाई केंद्र या विषयाची काशी आहे. नायजेरियात जन्मलेले, अमेरिकेत शिकलेले डोमिनिकन धर्मगुरू फादर गॉडफ्री न्झामुजो यांनी १९८५ मध्ये ते सुरू केलं. सरकारने दिलेली एक हेक्टर पडीक जागा आणि शाळा अर्धवट सोडलेली काही मुलं, एवढ्यावर. नाव जुन्या सोंघाई साम्राज्यावरून घेतलं, तरुणांना आपल्या मातीतल्या वैभवाची आठवण राहावी म्हणून.

तिथे एकाचा उकिरडा दुसऱ्याचं खाद्य असतो. कोंबड्यांच्या विष्ठेवर माशीच्या अळ्या वाढवतात, त्या अळ्या तळ्यातल्या माशांना घालतात, तळ्याचं पाणी भाजीला जातं. खाडीतली जलपर्णी, जी आपल्याकडे नदीतून काढून काठावर कुजवतात, ती गोबरगॅस आणि खतासाठी वापरतात. शेतीला लागणारी लहान यंत्रं स्वतःच्या कारखान्यात बनवतात. आवारातच दुकान आहे, खानावळ आहे. रस, तेल, साबण असा माल केंद्राच्या नावाने विकला जातो.

प्रशिक्षण निवासी आहे, दीड वर्ष किंवा त्याहून जास्त. मुलं राबतात आणि शिकतात. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट: पिकवलेला माल दुकानात जाऊन, त्यावर किंमत लागून, गिऱ्हाइकाने तो उचलेपर्यंतचा सगळा प्रवास मुलगा रोज डोळ्यांनी पाहतो. पारकू, सावालू, किनवेजी इथेही केंद्राच्या शाखा आहेत. नायजेरियातल्या काही राज्यांनी हाच नमुना उचलला. जिथे नुसत्या इमारती उचलल्या आणि रोजची शिस्त उचलली नाही, तिथे तो रुजला नाही.

याशिवाय प्रशिक्षण कोण देतं?

नायजेरियात इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने २०१२ मध्ये ‘यूथ अ‍ॅग्रिप्रेनर्स’ हा तरुणांचा गट सुरू केला. त्यात शेतीशी संबंध नसलेल्या शाखांचे पदवीधरही घेतले. पुढे आफ्रिकन विकास बँकेने तो विचार अनेक देशांत नेला. जागतिक भाजीपाला केंद्राचं मुख्यालय तैवानमध्ये आहे. त्याची माली आणि बेनिनमध्ये कार्यालयं आहेत. ‘हॉर्टीनायजेरिया’ हा नेदरलँड्सच्या निधीतला कार्यक्रम कानो, कडुना, ओयो आणि ओगुन या राज्यांत चालला. शेताच्या बांधावर बसून आठवड्याला एक धडा ही शेतीशाळेची पद्धत आपल्या कृषी सहायकांना पाठ आहे. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातापासून सुरू झालेली ती पद्धत तिकडेही रुळली आहे.

इतका टोमॅटो पिकतो, मग डबाबंद टोमॅटो बाहेरून का येतो?

हा प्रश्न नीट समजला की पश्चिम आफ्रिकेतला सगळा भाजीधंदा समजतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कानोच्या आसपासचा टोमॅटो लागोसच्या माइल-१२ बाजारात जातो. अंतर सुमारे हजार किलोमीटर. माल भरतात ताडाच्या जातीच्या झाडाच्या पात्यांनी विणलेल्या उंच टोपल्यांत. मी एका ट्रकची भराई उभा राहून पाहिली आहे. टोपली काठोकाठ भरली की वर गवत घालून दोरीने आवळतात. हमाल ती खांद्यावरून फेकतो, वरचा माणूस झेलतो आणि आधीच्या टोपलीवर दाबून बसवतो. पाच-सहा थर होतात. गाडी निघायच्या आधीच फळीच्या फटीतून लाल पाणी ठिबकायला लागतं. त्यापुढे दोन-तीन दिवसांचा रस्ता, खड्डे, नाके आणि ऊन.

आपल्या नारायणगावच्या शेतकऱ्याला लगेच वाटेल, प्लॅस्टिकची क्रेट का नाही वापरत? प्रत्येक प्रकल्पाने क्रेट वाटल्या. अडचण अशी की लागोसला भाव टोपलीवर ठरतो. क्रेटमधला माल घेणाऱ्याला किती टोपल्या झाल्या हेच कळत नाही, मग तो क्रेट पुन्हा टोपलीत ओततो. रिकामी टोपली तिथेच टाकून देता येते. रिकामी क्रेट हजार किलोमीटर परत आणायला भाडं कोण देणार? जिथे व्यापारी, गाडीवाला आणि शेतकरी तिघं एकत्र बसून क्रेटचा हिशेब ठरवतात, तिथेच ती टिकते. नायजेरियाच्या न्नाएमेका इकेग्वुओनू यांनी सुरू केलेल्या ‘कोल्डहब्स’ने बाजारातच सौर ऊर्जेवरच्या शीतखोल्या उभ्या केल्या आणि भाडं दिवसाला, क्रेटमागे घ्यायला सुरुवात केली. छोटा भाजीवाला एक क्रेट एक रात्र ठेवू शकतो. हा विचार मला फार पटला.

प्रक्रियेचं म्हणाल तर कारखाने आहेत, पण त्यांना लागणारा भाव आणि ताज्या बाजाराचा भाव जुळत नाही. कारखान्याला स्वस्त, घट्ट गराचा, रोज एकसारखा माल हवा. शेतकरी ज्याचा भाव जास्त त्याला देणार. त्यात चीनमधून आलेली टोमॅटो पेस्ट बाजारात स्वस्त पडते. कडावाला डांगोटे समूहाने रोज १,२०० टन टोमॅटो घेण्याच्या क्षमतेचा कारखाना उभारला, आणि २०१६ मध्येच त्याला काम थांबवावं लागलं, कारण टोमॅटोच उरला नव्हता. त्या मे महिन्यात टुटा अळीने कडुना-कानोचे मळे खाऊन टाकले होते. कडुना राज्याने टोमॅटोसाठी आणीबाणी जाहीर केली. लोक त्या किडीला ‘टोमॅटो इबोला’ म्हणायचे. ही दक्षिण अमेरिकेतली अळी आपल्या ओळखीची आहे: भारतात तिची पहिली नोंद २०१४ मध्ये महाराष्ट्रातच झाली.

‘मार्केट क्वीन’ म्हणजे काय?

घानाच्या बाजारांत प्रत्येक जिनसेची एक प्रमुख बाई असते. टोमॅटोची वेगळी, रताळ्यासारख्या यामची वेगळी, कांद्याची वेगळी. आपला आडत्या, बाजार समितीचा सभापती आणि मोहल्ल्यातली मोठी आई, तिन्ही एकात. आज बाजारात किती माल उतरायचा, कुणाच्या गाडीला आधी जागा, भांडण झालं तर निवाडा काय, हे ती ठरवते. तिच्या गटातल्या व्यापारी बायका स्वतः ट्रकने उत्तरेला आणि सीमेपलीकडे बुर्किना फासोत जाऊन टोमॅटो आणतात.

बाहेरून आलेले तज्ज्ञ तिला दलाल म्हणून मोडीत काढायला बघतात. शेतकऱ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. त्याच भावात मालाची पेटी मोठी करत नेणं, भाव पाडणं हे घडतं. पण उधारीवर बी-खताला पैसा देणारी, आडवाटेच्या गावात गाडी पाठवणारी आणि नुकसान झालं तरी पुढच्या हंगामात परत येणारी तीच असते. प्रशिक्षणार्थींची आणि तिची ओळख पहिल्या आठवड्यात करून द्या, असं मी नेहमी सांगतो.

मग प्रशिक्षणात विक्री शिकवतात का?

आता शिकवू लागले आहेत, पण अजून पुरेसं नाही. माझाच अनुभव सांगतो. मी ज्या प्रकल्पात होतो तिथे बी, खत आणि ठिबकचे संच एकाच दिवशी वाटले गेले. साहजिकच बावीस मुलांनी एकाच आठवड्यात रोपं लावली आणि सगळ्यांचा टोमॅटो एकाच आठवड्यात लाल झाला. जवळचा बाजार छोटा. दुसऱ्या तोड्याला भाव तोडणीच्या मजुरीच्या खाली आला. एका मुलाने, जो रोपवाटिकेत प्रत्येक ट्रेमधली रोपं मोजून वहीत लिहायचा, ती वही मला दाखवली. शेवटच्या पानावर त्याने बाजाराच्या दिवसाची तारीख आणि पुढे नुसतं शून्य लिहिलं होतं. त्यानंतर तो आला नाही.

पुढच्या हंगामात आम्ही पहिला महिना कुणाला कुदळच दिली नाही. मुलांना वही घेऊन सलग बाजारदिवस बाजारात उभं केलं: कुठली भाजी किती वाजता संपते, चॉपवाल्या बायका, म्हणजे रस्त्यावरच्या खानावळवाल्या, रोज किती मिरची घेतात, पावसात टोमॅटोचा भाव किती चढतो. मग तीन गट करून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लागवड केली. त्या तुकडीतली निम्म्याहून जास्त मुलं पुढचं पीक स्वतःच्या पैशाने घेऊ शकली.

भांडवल कुठून येतं?

बँकेकडून क्वचितच. घानात ‘सुसू’ गोळा करणारा माणूस रोज गाळ्यावर येऊन ठरावीक रक्कम घेतो आणि महिन्याच्या शेवटी परत देतो. फ्रेंच बोलणाऱ्या देशांत ‘तोंतीन’ चालते, ती सरळसरळ आपली भिशी. आणि जगभर पसरलेल्या गावपातळीवरच्या बचत-कर्ज गटांचा एक मोठा उगम नायजरमध्येच आहे: १९९१ मध्ये केअर संस्थेने मरादी भागात बायकांचे गट बांधले, हौसा भाषेत त्यांना ‘माता मासू दुबारा’ म्हणतात. बाहेरचा पैसा न घालता, बायकांच्या स्वतःच्या बचतीवर ते उभे राहिले. प्रशिक्षणानंतर मोफत संच वाटण्यापेक्षा मुलांना अशा गटात बांधणं मला जास्त टिकाऊ वाटतं.

जमीन मिळते का? मुलींना?

विकत क्वचित. बहुतेक ठिकाणी जमीन कुळाची किंवा गावप्रमुखाच्या अखत्यारीतली. मान देऊन, कोला फळं किंवा दारूची बाटली ठेवून मागायची, आणि वापरायला मिळते. कागद नसतो. म्हणूनच तरुण मुलगा आंबा लावत नाही, ठिबक पुरत नाही. दोन वर्षांनी काका जमीन परत मागेल ही भीती असते. मुलींचं याहून अवघड: माहेरी ती सासरी जाणार म्हणून नाही, सासरी ती बाहेरची म्हणून नाही. भाजी विकण्यात बायका पुढे आणि जमिनीच्या हक्कात मागे, हे कोड्यासारखं चित्र तिथे सर्वत्र दिसतं. ज्या कार्यक्रमांनी गावप्रमुखाच्या सहीने दहा वर्षांचा लेखी करार करून घेतला, तिथल्या मुली टिकल्या. हे काम प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी करावं लागतं.

निर्यातीत संधी आहे का?

आहे, पण धडे घेऊन. घानातून कारली, दोडका, दुधी, मिरची, छोटी वांगी विमानाने लंडनला जायची, ती मुख्यतः भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरांसाठी. किडी सापडल्यामुळे युरोपीय संघाने २०१५ च्या ऑक्टोबरपासून ती बंद केली. बंदी उठली २०१८ च्या सुरुवातीला. आपल्या हापूसवर १ मे २०१४ पासून हीच वेळ आली होती, आणि त्याच आदेशात आपली कारली, वांगी, पडवळ आणि अळूही अडकले होते. घानाने मग तपासणी, पॅकहाऊस आणि निरीक्षकांचं प्रशिक्षण यावर काम केलं.

अननसाचं दुःख वेगळं. २००४-०५ च्या सुमारास युरोपच्या ग्राहकाने जुन्या स्मूथ केयेन जातीऐवजी एमडी-२ मागायला सुरुवात केली. घानाच्या छोट्या शेतकऱ्यांकडे नव्या जातीची रोपं घ्यायला पैसा नव्हता, पुष्कळ जण धंद्यातूनच बाहेर फेकले गेले. शेजारच्या बेनिनने आलादाच्या पठारावरच्या गोड ‘पें द सुक्र’ अननसाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं.

फवारणीचं एक वाक्य सांगितल्याशिवाय राहवत नाही: कापसासाठी आलेली कीटकनाशकं भाजीवर मारली जातात, अगदी आपल्या विदर्भात घडतं तसं, आणि ती भाजी परवा-तेरवा ताटात येते.

कांद्याचं काय? नाशिककरांनी लक्ष द्यावं असं काही?

नायजरमधल्या गाल्मी गावाच्या नावाचा जांभळट कांदा, ‘व्हायोले द गाल्मी’, बेनिन, घाना, आयव्हरी कोस्टपर्यंत जातो. सेनेगलमध्ये स्थानिक कांदा निघाला की सरकार काही महिने आयात थांबवतं; मोठा पुरवठादार नेदरलँड्स. लासलगावला निर्यातबंदीची झळ बसते, तिथे शेतकरी आयातबंदीची वाट पाहतो. साठवण मात्र दोन्हीकडे कच्ची. कांदाचाळीचं आपलं ज्ञान, हवा खेळती ठेवणारा तळ, चाळीची रुंदी, पातीसकट सुकवणं, हे तिथे खरोखर उपयोगी पडेल.

हरितगृह किंवा मातीविना शेती शिकावी का?

घानाने दावेन्यासारख्या ठिकाणी तरुणांसाठी हरितगृहं उभारली. नायजेरियातही मातीविना शेती शिकवणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. मुलांना आकर्षण वाटतं. माझं मत: आधी उघड्या रानात दोन हंगाम. डिझेल, सुटे भाग आणि मोठं गिऱ्हाईक जवळ नसेल तर हरितगृहाचा हप्ता मानेवर बसतो.

महाराष्ट्रातून कृषी पदवी घेतलेल्याने तिथे कामाला जावं का?

जावं, तयारीनिशी. बेनिन, टोगो, सेनेगल, माली, नायजर, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्टला जायचं तर फ्रेंच हवी. घाना, नायजेरियाला इंग्रजी चालते, तरी हौसा किंवा त्वी भाषेतलं अभिवादन शिकून जा. तिकडे आधी घरच्यांची, झोपेची, प्रकृतीची विचारपूस होते, मग काम. ते वगळून थेट मुद्द्यावर येणं उद्धटपणाचं मानतात. पीतज्वराची लस आणि पिवळं कार्ड, म्हणजे ती घेतल्याचा दाखला, घेतल्याशिवाय निघू नका. परत येताना भारतातही ते तपासतात. माली, बुर्किना आणि नायजर २०२५ च्या जानेवारीत इकोवास या प्रादेशिक संघटनेतून बाहेर पडले आहेत, काही भागांत सुरक्षेची स्थिती गंभीर आहे, त्यामुळे नेमणूक कुठल्या गावात आहे हे आधी विचारा.

आणि मुलाखतीत हाही प्रश्न विचारा: तुमच्या मागच्या तुकडीतली किती मुलं आज स्वतःच्या पैशाने पीक घेत आहेत? किती जणांना प्रमाणपत्र दिलं एवढाच आकडा मिळाला, तर दुसरी संस्था शोधा.